कतारमध्ये मृगाला पेरू नका

मराठी माणसाच्या मनात पेरणीचा महिना म्हणजे जून. ज्याच्या घरी गुंठाभर जमीन नाही आणि ज्याच्या दोन पिढ्या शहरात गेल्या, त्याच्याही मनात तेच असते. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात जातो, आभाळ भरून येते आणि कुंडीत काहीतरी लावावे असे वाटू लागते. ही ओढ घेऊनच आपली माणसे परदेशी जातात. कतारमध्ये आज सुमारे आठ लाख भारतीय राहतात. त्यांतल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांना बागेची हौस आहे, त्यांतले अनेक जण पहिल्याच वर्षी हा प्रयोग करतात. जूनमध्ये बाल्कनीत चार कुंड्या येतात, त्यांत मेथी, धने, टोमॅटो पेरले जातात. बहुतेक बी उगवतच नाही आणि जे उगवते ते चार दिवसांत करपते. मग या भूमीत काही येत नाही, असा निकाल दिला जातो आणि कुंड्या कायमच्या रिकाम्या राहतात. हा निकाल चुकीचा आहे. कतारमध्ये बागकाम उत्तम जमते, मात्र बियाण्याचे आणि तिथल्या वर्षाचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे लागते. नवशिक्याने खत, माती, कुंडी यांच्याआधी हीच एक गोष्ट शिकावी, असे माझे ठाम मत आहे.

बी म्हणजे शिदोरी बांधून प्रवासाला निघालेले एक इवलेसे रोप. आत गर्भ असतो, त्याच्या पोटापुरता स्टार्च, प्रथिने, तेल असते आणि वरून साल असते. पाणी आत शिरले की गर्भ जागा होतो आणि संप्रेरके सोडतो. त्या संप्रेरकांमुळे विकरे तयार होतात, ती साठ्यातल्या स्टार्चची साखर करतात आणि त्या साखरेवर पहिले मूळ बाहेर पडते. या कामाला पाण्याइतकीच हवा लागते, कारण रुजणारे बी जोरात श्वास घेत असते. चिखल झालेल्या कुंडीत बी कुजते ते त्यामुळेच. हे सगळे मराठी घराला नवीन नाही. मटकी आठ तास भिजवून, पाणी काढून, फडक्यात बांधून ठेवणारी प्रत्येक गृहिणी पाणी, हवा आणि ऊब यांचा मेळ रोज घालत असते. पाण्यातच ठेवलेल्या मटकीला वास येतो आणि फडक्यातल्या मटकीला मोड येतात, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. उणीव राहते ती तिसऱ्या गोष्टीच्या, म्हणजे तापमानाच्या ज्ञानात. महाराष्ट्रातल्या पेरणीच्या दिवसांत तापमान आपोआप जुळलेले असते, म्हणून त्याचा विचार करण्याची वेळ येत नाही.

कतारमध्ये ती येते. दोह्यात जून ते ऑगस्ट या काळात दुपारचे सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या पुढे असते आणि उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षाही जास्त तापते. कोरडे बी अशी उष्णता बऱ्याच अंशी सोसते, पण भिजलेले बी सोसत नाही. पाणी शोषल्यावर त्याच्या पेशी कामाला लागलेल्या असतात आणि तेव्हाच त्या सर्वांत नाजूक असतात. म्हणजे आपण जूनमध्ये बी पेरून वर प्रेमाने पाणी घालतो, तेव्हा त्याला त्याच्या सर्वांत दुबळ्या क्षणी सर्वांत कठीण जागी ठेवतो. शिवाय प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी. पालक आणि सॅलडची पाने यांचे बी माती ३० अंशांच्या वर गेली की रुजायला नकार देते. धने १५ ते २५ अंशांत खुशाल उगवतात, कडक उन्हात रुसतात. भेंडी, गवार आणि चवळी यांना मात्र ३० अंशांची ऊब मानवते. एकाच दिवशी सगळी पाकिटे फोडून पेरणारा माणूस त्यांतल्या निम्म्यांवर अन्याय करतो, मग तो दोह्यात असो की दौंडमध्ये.

बी ऋतू पाहूनच रुजते, याचा सर्वांत भक्कम पुरावा कतारच्या वाळवंटातच आहे. कतारमध्ये वर्षाला साधारण ७५ मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत तो दोन हजार मिलिमीटरहून अधिक असतो. हा ७५ मिलिमीटर जवळजवळ सगळा थंडीच्या महिन्यांत पडतो आणि तिथल्या रानवनस्पतींचे आयुष्य त्यावर बेतलेले आहे. रौदा म्हणतात अशा सखल जागी पावसाचे पाणी आणि गाळ साचतो. पावसानंतर काही दिवसांत तिथे हिरवळ दिसते, दोन-तीन महिन्यांत फुले येतात, बी पडते आणि उन्हाळा लागण्यापूर्वी रोप मरून गेलेले असते. उरलेले सात-आठ महिने ती वनस्पती फक्त बियांच्या रूपात, वाळूत पडून जगते. अशी बी पहिल्या शिडकाव्याला फसत नाहीत. फ्रिट्स वेन्ट या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात दाखवून दिले, की अनेक वाळवंटी बियांत रुजणे रोखणारी द्रव्ये असतात आणि ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाल्याशिवाय बी हलत नाही. पुढे १९६६ मध्ये डॅन कोहेन यांनी गणिताने मांडले, की पावसाचा भरवसा नसलेल्या प्रदेशात सगळी बी एकाच वर्षी न रुजणे हेच त्या वनस्पतीच्या हिताचे असते, कारण काही बी मागे राहिले तर वंश टिकतो. वाळवंटातली बी इतका काटेकोर हिशेब ठेवतात आणि आपण मात्र तारीख बघून पेरतो, हे योग्य नाही.

आखाती लोकांनी हा हिशेब आपल्या पंचांगात कधीच उतरवला आहे. ऑगस्टच्या २४ तारखेच्या सुमारास पहाटे दक्षिणेला सुहैल तारा दिसू लागतो आणि उष्णता उतरणीला लागल्याची ती खूण मानली जाते. हा तारा आपल्याला परका नाही, तोच आपला अगस्त्य. त्याचा उदय आपल्याकडेही पावसाळा सरत आल्याची आणि नद्यांचे पाणी निवळल्याची खूण समजला जातो. सुहैलनंतर, ऑक्टोबरच्या मध्यापासून, वस्म नावाचा ५२ दिवसांचा काळ सुरू होतो. या काळात पाऊस चांगला झाला तर पुढे वाळवंटात फगा, म्हणजे जमिनीखाली वाढणारी कंदासारखी बुरशी, भरपूर मिळते, म्हणून लोक या पावसाकडे डोळे लावून बसलेले असतात. अल मझरुआ, अल खोर, अल वक्रा येथील शेतकऱ्यांचे भाजीबाजारही थंडीच्या तोंडावर भरू लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आटोपतात. तिथला शेतकरी ज्या महिन्यांत विकतो, त्याच्या आधीचे महिने पेरणीचे, एवढे साधे अनुमान पुरेसे आहे.

आणि इथे आपल्या परंपरेतलाच एक सण नेमका जागेवर येऊन बसतो. घटस्थापनेला आपण टोपलीत किंवा पत्रावळीवर माती पसरून गहू, ज्वारी, जव, साळ असे धान्य पेरतो, नऊ दिवस पाणी घालतो आणि दसऱ्याला ते कोवळे अंकुर टोपीत, केसांत खोवतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी ही रब्बीच्या बियाण्याची चाचणी होती. कोणते धान्य जोमाने आले, कोणते अर्धेच उगवले, यावरून पुढच्या पेरणीचा अंदाज बांधला जात असे. कतारमध्ये नवरात्र म्हणजे सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबर, म्हणजे वस्मचा उंबरठा. बाहेर अजून ३५ ते ३८ अंश असतात, पण घरात वातानुकूलन असल्यामुळे २४-२५ अंश मिळतात. तेव्हा घटाच्या दिवसांत प्रत्येक पाकिटातले दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहावेत. सात-आठ उगवले तर बी चांगले, तीन-चार उगवले तर दाट पेरावे, एकही उगवले नाही तर नवे आणावे. याच दिवसांत टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपे घरात, खिडकीच्या उजेडात तयार करावीत, दसऱ्यानंतर त्यांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावावी आणि मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा दिवाळीच्या आसपास थेट कुंडीत पेरावेत. देवघरातले अंकुर पिवळे आणि उंच होतात, कारण त्यांना उजेड कमी मिळतो. खिडकीपासून दूर ठेवलेली रोपेही तशीच लांबलचक आणि लुळी होतात, हे तेवढ्यातच लक्षात ठेवावे. बी किती खोल पेरायचे याचा नियम सोपा आहे. दाण्याच्या जाडीच्या दोन-तीन पट माती वर असावी, आणि तुळशीसारखे बारीक बी तर नुसते मातीवर भुरभुरून दाबावे.

बी रुजणे हा अर्धा भाग झाला. नवशिक्याचा खरा हिरमोड एप्रिल-मेमध्ये होतो. जानेवारीत फळांनी लगडलेला टोमॅटो मेमध्ये फुले गाळू लागतो, पाने पिवळी पडतात आणि माणूस घाबरून आणखी पाणी, आणखी खत घालतो. टोमॅटोचे काम तेव्हा संपत आलेले असते. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे गेले आणि रात्रीही गारवा उरला नाही, की त्याचे परागकण निकामी होतात आणि फूल असूनही फळ धरत नाही. कोथिंबिरीला उन्हाची चाहूल लागली आणि दिवस मोठा होऊ लागला, की ती पाने सोडून दांडा काढते, पांढरी फुले येतात, धने धरतात आणि ती वाळते. हा रोग नाही, तिच्या आयुष्याचा ठरलेला क्रम आहे. वर्षायू वनस्पती एकदाच फुलते, बी देते आणि मरते. गाजर आणि कांदा यांना बी द्यायला मध्ये थंडीचा एक काळ लागतो, म्हणून ती सहसा दुसऱ्या वर्षी फुलतात. कढीपत्ता आणि लिंबू वर्षानुवर्षे जगतात. कोणते रोप यांपैकी कोणत्या गटातले, एवढे कळले तरी मेमधली निम्मी निराशा टळते. वाळत चाललेल्या कोथिंबिरीतून धने गोळा करणारा आणि तिला वाचवायला बादलीभर पाणी ओतणारा, या दोघांच्या हौसेत फरक नाही. फरक या एका माहितीचा आहे.

उन्हाळ्यात मग काय करायचे? वाळवंटातली बी करतात तेच, म्हणजे विश्रांती. जून ते सप्टेंबर कुंड्या रिकाम्या ठेवाव्यात. कढीपत्ता, तुळस, अळू, शेवगा अशी मोजकी टिकाऊ झाडे सावलीत आणून जगवावीत. भेंडी, गवार, चवळी यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरले तर ती उष्णतेच्या पहिल्या लाटेपर्यंत देऊन जातात. बहुतेक कुटुंबे मुलांच्या शाळेच्या सुट्टीत गावी येतात, तेव्हा बाल्कनी सांभाळायला कोणी नसते, हेही या वेळापत्रकाला सोयीचेच आहे. जी झाडे उन्हाळ्यातही उभी राहतात, त्यांच्याकडे मात्र आवर्जून पाहावे. कतारच्या वाळवंटातला घाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजली जाणारी. सिद्राचे झाड, ज्याचे चित्र कतार फाउंडेशनने आपले बोधचिन्ह म्हणून घेतले, ते आपल्या बोरीच्या कुळातले. अल थखिराच्या खाडीत कोकणातलीच तिवर वाढते, जिचे बी आईच्या फांदीवर असतानाच रुजू लागते, कारण खाऱ्या चिखलात पडल्यावर वाट पाहायला वेळ नसतो. शमीची मुळे खोल पाण्यापर्यंत जातात, बोरीची साल जाड असते, तिवर झाडावरच अंकुर धरते. जगण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे, आणि बागकाम शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा मिळणार नाही. एज्युकेशन सिटीतल्या कुराणिक बोटॅनिक गार्डनला मुलांना घेऊन एकदा जावे ते यासाठी.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. बियाण्याच्या भानगडीत पडायचेच कशाला, रोपवाटिकेतून तयार रोप आणावे. मिरची-वांग्यासारख्या सावकाश वाढणाऱ्या आणि कढीपत्त्यासारख्या हट्टी झाडांबाबत हे मला मान्य आहे. कढीपत्त्याचे बी तर वाळले की मरते, ते पिकलेल्या फळातून काढून लगेच पेरावे लागते. पण मेथी-कोथिंबीर-मुळ्याला तयार रोप हा उपायच नाही, त्यांना उपटून दुसरीकडे लावणे मानवत नाही. आणि आणलेले रोप बहुधा थंड, सावलीच्या हरितगृहात वाढलेले असते. बाल्कनीतल्या पहिल्याच दुपारी ते मान टाकते आणि मग दोष आपल्या हाताला दिला जातो. मोठे कारण आणखी वेगळे आहे. विकतच्या रोपाचे अर्धे आयुष्य आपण पाहिलेलेच नसते, त्यामुळे उरलेले अर्धे समजत नाही. मूठभर मेथीच्या दाण्यांना काहीच खर्च येत नाही, त्यातले निम्मे वाया गेले तरी पुन्हा पेरता येतात, आणि शिकणाऱ्याला चुका करायला मोकळीक हवीच.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. कतारमध्ये वातानुकूलित हरितगृहे आहेत, मातीविना शेती आहे, घरातल्या दिव्याखाली बारा महिने भाजी घेता येते. मग ऋतूचे जोखड कशाला? जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी सीमा बंद केल्या आणि सौदी रस्त्याने येणारा माल थांबला. त्यानंतर कतारने देशातच अन्न पिकवण्यावर जो भर दिला, त्यात या तंत्राचा वाटा होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. देशाच्या अन्नसुरक्षेसाठी तो खर्च समर्थनीय ठरतो. एका कुटुंबाने मात्र जुलैमध्ये चार जुड्या मेथीसाठी यंत्र आणि वीज खर्चावी का, हा वेगळा प्रश्न आहे. घरात तसाही चालू असलेल्या थंडाव्यात, खिडकीशी, मेथीचे किंवा मोहरीचे कोवळे अंकुर दहा दिवसांत कापून घ्यावेत, त्यात काही वावगे नाही. फुले-फळे धरणारी पूर्ण वाढीची झाडे तशी वाढवायला गेलो, की बागेपेक्षा बिल मोठे होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या देशात नळाचे जवळजवळ सगळे पाणी समुद्राचे खारेपण काढून मिळवलेले असते, ज्यासाठी इंधन जळते आणि खारट सांडपाणी परत आखातात जाते, तिथे हौसेसाठी झाडे लावणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ऋतूतच आहे. एकाच कुंडीला जानेवारीत लागणारे पाणी आणि जूनमध्ये लागणारे पाणी यांत कितीतरी पटींचा फरक असतो, कारण जूनमधले बहुतेक पाणी झाडाच्या कामी न येता उडून जाते आणि मातीत क्षार मागे ठेवते. ते क्षार साचले की पुढचे बी पाणी शोषूच शकत नाही, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला कुंडीतली माती एकदा भरपूर पाण्याने धुऊन निथळू द्यावी. थंडीतली बाग डाळ-तांदूळ धुतलेल्या आणि भाज्या धुतलेल्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात निभावते. म्हणजे ऋतू पाळणे हीच पाण्याची सर्वांत मोठी बचत आहे. जो उन्हाळ्यात हट्टाने टोमॅटो जगवतो, त्याला हा आक्षेप लागू पडतो. जो ऑक्टोबर ते एप्रिल बाग करतो आणि मेमध्ये थांबतो, त्याला नाही.

एप्रिलमध्ये बी धरून ठेवण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथेच चक्र पुरे होते. संकरित वाणांच्या पाकिटातले बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही, हे खरे. पण मेथी, धने, चवळी, मोहरी, गावठी टोमॅटो यांचे बी खुशाल ठेवावे, आणि सर्वांत चविष्ट झाडाबरोबरच सर्वांत उशिरापर्यंत तग धरलेल्या झाडाचेही ठेवावे. काही वर्षे अशी निवड होत गेली, की आपल्या बाल्कनीच्या हवेला सोसणारे वाण हाती येऊ लागते. दुधी, भोपळा यांचे फळ आणि बी हवे असेल तर उंच मजल्यावर मधमाशीची वाट पाहू नये. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा नर फुलाचे पराग मागे इवले फळ असलेल्या मादी फुलावर हाताने लावावेत. साठवणीचा नियम बियाण्यांचे अभ्यासक हॅरिंग्टन यांनी फार पूर्वी घालून दिला आहे. बियांतला ओलावा एक टक्क्याने किंवा तापमान साधारण साडेपाच अंशांनी कमी केले, की त्यांचे आयुष्य दुप्पट होते. दोह्याच्या बंद घरात, दमट ऑगस्टमध्ये, कागदी पुडीत ठेवलेले बी ऑक्टोबरपर्यंत अर्धमेले होते. नीट वाळवून, हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये ठेवलेले टिकते. इस्रायलमधल्या मसादाच्या कोरड्या किल्ल्यात सापडलेले खजुराचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे बी २००५ मध्ये रुजले, ते कोरडेपणाच्या आधारावर. भारतातून बियाणे आणायचे असेल तर रोग-किडींच्या तपासणीचे नियम आधी पाहावेत, बॅगेत लपवून आणू नये. दोह्यातल्या किराणा दुकानात मिळणारे मेथीदाणे, अख्खे धने, मोहरी, चवळी सुरुवातीला पुरतात, फक्त धने हलके रगडून दोन भाग करून पेरावेत.

हे ज्ञान एकेका घराने आपापल्या नुकसानीतून शोधत बसण्याचे कारण नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या बागकामाच्या सदरांत दर जूनला पावसाळी लागवडीचे लेख येतात आणि ते मस्कत, दुबई, दोह्यातही वाचले जातात. संपादकांनी त्याच पानावर सप्टेंबरअखेर आखाती वाचकांसाठी पेरणीचे वेगळे कोष्टक छापावे. आखातातल्या महाराष्ट्र मंडळांनीही ते आपल्या दिनदर्शिकेत घ्यावे, नवरात्राच्या कार्यक्रमात सभासदांनी वाचवलेले बियाणे एकमेकांना द्यावे, आणि प्रत्येक पुडीवर ते कोणत्या महिन्यात पेरले आणि कोणत्या महिन्यात काढले, एवढे दोन शब्द लिहावेत.